सामाईक विहिरीचे पाटकरी

आमच्या विहिरीवर मोटर एक आणि मालक दोन. निम्मी विहीर आमची, निम्मी पाटकरी मामांची. मोटरीचा पाइप बांधावर येतो, तिथं दोन कॉक आहेत. डावा फिरवला की पाणी आमच्या मोसंबीला, उजवा फिरवला की मामांच्या. शेतीची लाईट दिवसातून आठ तास यायची, त्यातले चार तास त्यांचे, चार आमचे. एवढं कुठल्याही गावात असतं. पण चार तास संपले की बांधावर ताठ उभं राहून रेल्वेच्या गार्डासारखी शिट्टी वाजवणारा माणूस कुठल्याही गावात नसतो. तो आमच्याच वाट्याला आला होता.

लग्न होऊन मी घनसावंगीकडच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती शिट्टी ऐकली आणि मला वाटलं, शाळा सुटली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातलं खुरपं टाकून कॉककडं पळत सुटल्या. "अगं ऊठ, पाटकऱ्यानं शिट्टी मारली," असं मला पळता पळताच सांगितलं. पुढची अकरा वर्षं मीही त्या शिट्टीवर पळाले. बहुतेक वेळा मनातल्या मनात शिव्या देत.

मामांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. कुणाच्या उसाला किती तास पाणी, कुठलं गेट कधी उघडायचं, कुणी चोरून पाट फोडला, हेच त्यांनी आयुष्यभर पाहिलं. एकदा सख्ख्या मेव्हण्यानं अर्धा तास जास्त पाणी घेतलं, तर मामांनी पुढच्या वेळेला त्याचा अर्धा तास कापला. मामी रागावून दोन महिने माहेरी जाऊन बसल्या. मामांना विचारलं की म्हणायचे, "दोन महिने बराबर झाले. तिसरा लागायच्या आधी आलती." मामी होत्या तोवर हे ऐकून हसायच्या. त्या गेल्या, मुलगा पुण्याला नोकरीला राहिला, आणि मामा गावातलं घर बंद करून शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे तिथल्या एका खोलीच्या घरात, एकटे राहायला आले.

गंमत अशी की कालवा आमच्या शिवाराच्या अलीकडेच संपतो. हजारो एकर भिजवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या चार एकरांना कालव्याचा थेंब नाही. त्यांचे वडील मेंढरं घेऊन पाण्यामागं गोदावरीकाठानं फिरायचे. मामा म्हणायचे, "आमचा बाप पाण्यामागं गेला, मी पाणी लोकांमागं नेलं, अन् पोरगं तं बाटलीतलं पितं."

पाण्याच्या बाबतीत ते चक्क चिक्कू होते. त्यांच्याकडं गेलं की अर्धा तांब्या पाणी मिळायचं, आणि वर "अजून लागन का?" असं विचारायचे, की तहान असली तरी माणूस नको म्हणेल. लग्नात जेवण झालं की पंगतीत अर्ध्या राहिलेल्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरून आणायचे आणि आखाड्यासमोरच्या लिंबाला घालायचे. वरपक्षाची माणसं बघत राहायची. आमचे हे घनसावंगी-अंबड रस्त्यावर जीप चालवतात. एकदा मामा ती पिशवी घेऊन ह्यांच्या जीपमध्ये बसले आणि वाटेत बाटलीचं झाकण निघालं. सीट भिजली म्हणून हे चिडले, तर मामा म्हणाले, "सीट वाळंल रे. माझं पाणी गेलं त्याचं काय?"

आखाड्याच्या मागच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं रकाने आखले होते. त्या भिंतीला ते मस्टर म्हणायचे. वर नक्षत्रांची नावं, मृगापासून हस्तापर्यंत, आणि खाली दर वर्षाची पावसाची हजेरी. "मिरग: गैरहजर." "आडदरा: आला, थांबला न्हाई." "मघा: उशिरा, पण काम केलं." मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा हसू आवरेना. मामा मात्र गंभीर होते. "हास तू. आधी हा नोकर रजेचा अर्ज तरी द्यायचा. आता न सांगता दीड-दीड महिना गायब, अन् मंग एकाच दिवशी चार महिन्यांचं काम करून जातो. असल्या कामाला काम म्हणत न्हाईत, सूनबाई. नुकसान म्हणतात."

आमच्या भागात हे सगळ्यांना कळत होतं, फक्त भिंतीवर कुणी लिहीत नव्हतं. कापूसवाले अजूनही पावसाच्या भरवशावर कोरड्या धुळीत सरकी टोबायचे आणि उगवली नाही की पुन्हा टोबायचे. कुणी मोसंबीवर करवत चालवून तुती लावली, रेशमाच्या अळ्या पाळायला घेतल्या. कुणी शेततळं खोदलं. ज्यांच्या बागा उरल्या ते उन्हाळ्यात एकमेकांच्या विहिरीत डोकावून बघायचे, कुणाकडं किती राहिलं.

मामा गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. गावात त्यांच्या गोष्टी निघतात त्या शिट्टीच्या आणि बाटल्यांच्या. मला आठवतात ते दोन उन्हाळे.

पहिल्या उन्हाळ्याआधीचा पावसाळा निम्म्यातच आटोपला होता. तरी जानेवारीत ताण तोडला, म्हणजे महिनाभर पाणी बंद ठेवून मग दिलं, आणि मोसंबीला असा बहार आला की आत्याबाईंनी दृष्ट काढली. एप्रिलपर्यंत फळं आवळ्याएवढी झाली आणि विहीर तळाला गेली. चार-चार तासांची बारी दीड-दीड तासावर आली, मग एक-एक तासावर. त्यानंतर मोटर हवा ओढायला लागायची.

एका सकाळी मामा आमच्या बांधावर आले. हातात नेहमीचं फावडं.

"सूनबाई, फळं तोडून टाक. सारी. दोन दिवसांत."

मला वाटलं, थट्टा करतात. "मामा, येवढा बहार पाच वर्षांत आला न्हाई."

"झाडाला काय कळतं? त्यानं जानेवारीचं पाणी पाहून बहार धरला. मे महिना त्याला ठाऊक हाय का? फळं तोड, फांद्या छाट, बुडाशी पाचट टाक. झाड जगंल. दोन्ही न्हाई जगणार."

मी नाही म्हटलं. चांगलं ठासून म्हटलं. ही बाग माझ्या सासऱ्यांनी लावलेली. एक झाड धरतं व्हायला सहा वर्षं लागतात. ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की या साली बागेनं काही दिलं नाही तर बिऱ्हाड उचलायचं, जालन्याला जायचं, कुठल्यातरी कारखान्यात लागायचं. आणि मला जायचं नव्हतं. फळंही पाहिजे होती, झाडंही पाहिजे होती. मामांनी माझं तोंड पाहिलं, "तुझी बाग, तुझा हुकूम," म्हणाले आणि गेले.

त्यांनी त्यांची फळं दोन दिवसांत पाडली. एकट्यानं. हिरव्यागार फळांचा खच झाडांच्या बुडाशी पडला. मग फांद्या छाटल्या, खोडांना चुना फासला. रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बघायचे. पाटकऱ्याचं डोकं फिरलं, असं चहाच्या टपरीवर ठरून गेलं.

मे लागला आणि मामांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जालन्याला जावं लागलं. दोन दिवस. निघताना मोटरीच्या पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. "माझ्या बारीला माझा कॉक फिरव. तासभर. जास्त बिलकुल नको."

दुपारी त्यांची बारी सुरू झाली तेव्हा मी कॉकजवळ उभी होते. उजवा कॉक फिरवायचा होता. आमची फळं लिंबाएवढी झाली होती, पण पानं वळायला लागली होती, आणि त्यांच्या झाडांवर तर फळच नव्हतं. बोडक्या झाडांना किती लागतं असं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि कॉकला हात न लावता, आमचा डावा उघडाच ठेवून घरी आले. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. दुसऱ्या दिवशी तर समजूतसुद्धा घातली नाही.

मामा परतले ते डोळ्याला काळा चष्मा लावून. आधी त्यांच्या झाडांखाली वाकून माती हातात घेतली. मग आमच्या बागेतून चालत माझ्यापर्यंत आले.

"लाईट नव्हती का दोन दिवस?"

"नव्हती, मामा," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले. विहिरीच्या दगडावर पाय टेकून त्यांनी चपलेच्या तळाला लागलेला चिखल सावकाश खरवडला. एक चप्पल, मग दुसरी. तो चिखल आमच्या बागेतला होता. त्यांनाही ठाऊक, मलाही ठाऊक. मग हात पुढं केला. मी किल्ली दिली. त्यांनी ती करदोट्याला बांधली आणि गेले.

मला लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, झाडं तरतरीत दिसत होती, त्याचा आनंद लाजेपेक्षा जास्त होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आखाड्यातली बाज उचलून विहिरीच्या काठावर आणून टाकली. दिवसभर तिथंच बसायचे. माझी बारी आली की किल्ली काढून पेटी उघडायचे, मोटर चालू करायचे, तास झाला की बंद. एक शब्द नाही. शिट्टीसुद्धा नाही, कारण मी समोरच उभी असायचे. आत्याबाई त्यांना रोज भाकरी पाठवायच्या, ती मीच न्यायची. ते भाकरी घ्यायचे, फडकं झटकून परत द्यायचे. तो एक तास मला दिवसासारखा वाटायचा. त्यांनी चार माणसांत मला चोर म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

विहिरीचं पाणी एक तासावरून अर्ध्या तासावर आलं. आमची फळं गळायला लागली. सकाळी झाडाखाली मोजायची हिंमत होत नव्हती. आत्याबाई म्हणाल्या, पाटकऱ्याचं ऐकायला पाहिजे होतं. ह्यांनी जालन्यात खोली बघायला सुरुवात केली. अजून आठ दिवस असेच गेले असते तर माझी फळंही गेली असती आणि झाडंही.

आणि पाऊस आला. मृगाचा नाही, रोहिणीचाही नाही. मे महिन्याच्या मधोमध, ऐन उन्हात ढग आले आणि चार दिवस कोसळला. ओढ्याला पाणी, विहीर निम्म्यापर्यंत. असला पाऊस म्हाताऱ्या माणसांनीही पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी मी बागेत उभी राहून रडले. बांधापलीकडं मामा आखाड्याच्या दारात उभे होते आणि त्यांच्या झाडांवर एक फळ नव्हतं.

त्या साली आमची मोसंबी चांगली गेली. आसपासच्या बागा जळालेल्या, त्यामुळं व्यापारी बांधावर आले. जालन्याचं नाव निघालं नाही. सगळे म्हणाले, पाटकऱ्याच्या शहाणपणापेक्षा सुनेची जिद्द मोठी. मीही ऐकून घेतलं. माझ्या फळांत दोन दिवसांचं पाणी कुणाचं होतं, ते मी कुणालाच सांगितलं नाही.

मामा मात्र बदलले. भिंतीवरचं मस्टर मृगापासून सुरू व्हायचं. वैशाखातल्या पावसाला रकानाच नव्हता. त्यांनी तो आखला नाही आणि पुढंही काही लिहिलं नाही. संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसायला लागले. "काय म्हणून राह्यला तुझा मोबाईल?" असं विचारायचे. मी हवामान काढून दाखवायची. ढगाचं चित्र बघून म्हणायचे, "हे खरं का?" मला ते आवडायचं नाही. मला आधीचे मामा पाहिजे होते, मला शिव्या द्यायला लावणारे.

पुढच्या वर्षी विहीर पुन्हा खाली गेली. झाडं विश्रांती घेतलेली, म्हणून या खेपेला मामांच्याच बागेत बहार जास्त होता. मार्चअखेरीला त्यांनी मला हाक मारली. बागेत उभे होते, सुपारीएवढं फळ चिमटीत धरून.

"सूनबाई, ठेवू का तोडू?"

मी दचकले. "मला काय विचारता, मामा?"

"चाळीस गावं मला विचारायची, पाणी कधी येतं. मी वार सांगायचो, अन् त्या वारी पाणी जायचं. आता मला समजंना. मागल्या साली तू ठेवली, तुझं बराबर निघालं."

"ते नशीब होतं, मामा. अक्कल न्हवती."

"मंग नशिबाचंच सांग."

मी काय सांगायला पाहिजे होतं ते आजही मला कळत नाही. त्यांनी एक साल रिकामं काढलं होतं आणि मी त्यांच्या पाण्यावर फळं विकली होती. मला वाटलं, त्यांनाही मिळावं. एवढाच विचार केला.

"ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी ठेवली.

त्या मे महिन्यात ढगसुद्धा आला नाही. ऊन असं की ठिबकच्या नळ्या हातात धरवेनात. त्यांची जमीन वरच्या अंगाची, मुरमाड. आमची जरा भारी. त्यामुळं आधी त्यांची पानं वळली. मी आणि आत्याबाईंनी आमची फळं पाडली. ते पाहून त्यांनीही पाडली, पण उशीर झाला होता. वरच्या तीन ओळी पिवळ्या पडल्या. विहिरीत दिवसाकाठी चाळीस मिनिटांचं पाणी उरलं होतं, वीस त्यांचं, वीस आमचं. वीस मिनिटांत नळ्या भरेपर्यंतच वेळ जायचा, शेवटच्या ओळीला थेंब पोचायचा नाही. चाळीस मिनिटं सलग मिळाली असती तर पोचला असता. आमची झाडं दोन दिवस थांबू शकत होती. त्यांची नाही.

एका दिवशी त्यांची वीस मिनिटं झाली. मी कॉकजवळ गेले आणि काहीच केलं नाही. उजवा कॉक तसाच उघडा ठेवला.

मामा तरातरा आले. उजवा बंद केला, डावा उघडला. "बारी तुझी हाय."

मी पुन्हा उलटं केलं.

"काय करून राह्यली तू? बारी तुझी हाय म्हणलं ना."

"मागल्या साली तुम्ही दवाखान्यात गेल्ते, तेव्हा लाईट होती, मामा. दोन्ही दिवस."

"ठाऊक हाय मला."

"मंग ते परत घ्या."

"गेलेली बारी परत येत न्हाई. तसला कायदा न्हाई." त्यांनी परत डावा उघडला. मोटरीचा आवाज बदलायला लागला होता, म्हणजे फार तर पंधरा मिनिटं उरली होती, आणि आम्ही दोघं ते पाणी भांडणात घालवत होतो. आमच्या झाडांखालून आत्याबाई ओरडल्या, "अरे, कुणाला तरी जाऊ द्या ते."

मी डावा बंद केला, उजवा पूर्ण उघडला आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिले. मला रडू येत होतं, तरी मी म्हटलं, "ठेवा म्हणून मीच सांगितलं होतं. ह्या तीन ओळी गेल्या तर मी ह्या बांधावर उभी राहू कशी, ते सांगा. मंग बंद करा."

मामा माझ्याकडं बघत राहिले. मग वर, पिवळ्या ओळींकडं. फावडं खाली ठेवलं. आयुष्यात त्यांनी एकदाही पाण्याकडं पाठ केली नव्हती. ते चार पावलं चालत गेले आणि बांधावर बसले, गावाकडं तोंड करून, कॉककडं पाठ करून. मोटर चालत होती. पाणी त्यांच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर त्यांनी मान वळवली नाही.